पत्र्याला पाठबळ फोमचं

प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरा आणि वरून तळहाताने दाबा. थोडा जोर लागला की ती कमानीसारखी वाकते. प्लॅस्टिक तुटलेलं नसतं, चेपलेलंही नसतं, कारण हात काढताच पट्टी पुन्हा सरळ होते. या वाकण्याला अभियंते बकलिंग म्हणतात. ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये त्याचं गणित मांडलं. लांबी दुप्पट झाली की खांब एक चतुर्थांश भारालाच वाकतो. हा भार ठरतो तो खांबाच्या ताठपणावर.

आता नाशिककडच्या द्राक्षांच्या शीतगृहाची भिंत पाहा. तिला तिथे लोक ज्या पॅनेलवरून ‘पफ पॅनेल’ म्हणतात, त्यातलं एक नेहमीचं पॅनेल घेऊ. दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटरचा पत्रा आणि मधे १०० मिलिमीटर फोम. हा फोम नखाने दाबला तरी खळगा पडतो. अशी भिंत उभी कशी राहते?

पत्रा मध्यापासून जितका दूर, तितका वाकण्याला विरोध जास्त, आणि हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. दोन्ही पत्र्यांचं पोलाद एकत्र करून एक मिलिमीटरचा सपाट पत्रा केला, तर त्याच्यापेक्षा हे पॅनेल हिशोबाने सुमारे ३०,००० पट ताठ भरतं. प्रत्यक्षात फोम थोडा सरकतो, म्हणून आकडा बराच खाली येतो. तरीही पोलाद तेवढंच वापरून मिळालेला हा फायदा प्रचंड आहे.

मात्र पॅनेल अख्खं वाकलं नाही, तरी त्याचा पत्रा एकटा वाकू शकतो. खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा हळूहळू वाकवून पाहा. आतल्या बाजूच्या कागदावर बारीक आडवी सुरकुती उठते आणि पुठ्ठा तिथेच मोडतो. दाबाखाली आलेल्या पातळ पत्र्याचंही तसंच होतं. त्याला मागून फोमने धरून ठेवलेलं असतं. फोम मऊ पडला किंवा चिकटलेला थर सुटला, की पत्र्यावर लाट उठते. किती ताणाला ही लाट उठेल, हे मुख्यतः पत्रा आणि फोम यांच्या ताठपणावर ठरतं. पत्रा जाड केल्याने तो ताण फारसा वाढत नाही. म्हणून फोमच्या दर्जात केलेली काटकसर महागात पडते.

उन्हाळ्यात आणखी एक भार येतो. बाहेरचा पत्रा ६० अंशांवर तापलेला, आतला शून्याजवळ. सहा मीटरच्या पॅनेलमध्ये बाहेरचा पत्रा आतल्यापेक्षा चारेक मिलिमीटर जास्त लांबायला बघतो. पॅनेल फक्त दोन टोकांना धरलेलं असेल, तर ते मधोमध सुमारे तीन सेंटिमीटर बाहेर फुगतं. मधल्या आधाराला ते स्क्रूने आवळलेलं असेल, तर फुगवटा अडतो आणि त्या आधाराजवळ तापलेला पत्रा दाबाखाली येतो. सुरकुती बहुधा तिथेच उठते. गडद रंग जास्त तापतो, म्हणून उन्हाकडची बाजू पांढरी ठेवणं शहाणपणाचं.

उन्हाळ्याआधी भिंतीजवळ जा आणि बोटांच्या पेरांनी पत्रा ठोकत चला, मधल्या आधारांपाशी जरा सावकाश. आवाज भरीव येतोय तोवर फोमने पत्रा धरलेला आहे. पोकळ आवाज आला की तिथे थर सुटला असण्याचा संशय घ्या. खडूने खूण करा आणि जाणकाराला दाखवा. सुरकुती दिसायची वाट पाहू नका.