संगणकीय खेळातील दुर्गबांधणी व वेढा : सातारा-माण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
काही विद्यार्थ्यांना मध्ययुगीन किल्ल्याचा पहिला परिचय पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर संगणकीय खेळातून होतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘स्ट्राँगहोल्ड’ हा असाच एक खेळ. तो काय शिकवितो व काय वगळतो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाची रचना :
खेळाडूने खाणीतून दगड काढावा, बैलांकरवी आणावा, तट-बुरूज उभारावेत. गहू पिकवून, दळून, पाव भाजून कोठारात साठवावेत. शिधा घटला की प्रजा नाराज होते व निघून जाते. तटाइतकेच कोठारही महत्त्वाचे, हे तत्त्व येथे उत्तम प्रकारे मनावर ठसते. शत्रू शिड्या लावतो, तटाखाली भुयार खणतो. गडाचा सरदार मारला गेला की डाव संपतो.

पाण्याचा प्रश्न :
या खेळात विहीर असते, परंतु ती आग विझविण्यापुरती. पिण्याच्या पाण्याची चिंता कोणालाच नाही. याउलट रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्यापूर्वी प्रथम पाणी पाहावे, असा दंडक आहे. पर्जन्यछायेतील माण तालुक्यात महिमानगड व वारूगड पाहिल्यावर या दंडकाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

वेढ्याचे वास्तव :
डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने साताऱ्याच्या किल्ल्यास, म्हणजे अजिंक्यताऱ्यास, वेढा घातला. १३ एप्रिल १७०० रोजी सुरुंग उडविले. तट बाहेरच्या बाजूस कोसळून मोगलांचेच असंख्य सैनिक गाडले गेले. खेळात तट पडताच शत्रू आत शिरतो; येथे तट पडूनही गड पडला नाही. मात्र मार्चमध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले होते. अखेर वाटाघाटी होऊन २१ एप्रिल रोजी गड मोगलांच्या हाती गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात माण तालुक्यातील डोंगरांत उगम पावणाऱ्या माण नदीच्या पुराने खवासपूर येथील बादशाही छावणीची दाणादाण उडविली. वाटाघाट आणि ऋतुमान या दोहोंना ‘स्ट्राँगहोल्ड’मध्ये स्थान नाही.

निष्कर्ष :
असे खेळ वर्गाबाहेर ठेवण्यापेक्षा वर्गात आणणे हितावह ठरेल. खेळातील किल्ला व आपल्या तालुक्यातील किल्ला शेजारी ठेवून, खेळात काय नाही याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. पाणी, पाऊस, तह आणि धन्याचा मृत्यू या यादीत आले, की तटाच्या दगडांपलीकडचा इतिहास त्यांच्या हाती लागू शकेल.