दृष्टान्तांची गटवारी आणि ‘करायला’चे दोन अर्थ

नवा प्रश्न पुढे आला म्हणजे जुना तत्सम प्रसंग आठवावयाचा आणि त्याचा उलगडा नव्यास लावून पाहावयाचा, ही वैद्याची, पंचाची व वैयाकरणाचीही जुनी रीत आहे. संगणकशास्त्रात तिला दृष्टान्ताधिष्ठित अनुमान म्हणता येईल. रॉजर शँक यांच्या १९८२ मधील स्मृतिविषयक ग्रंथाने या विचारास चालना दिली. पुढे आमॉट व प्लाझा यांनी १९९४ मध्ये त्याचे चार टप्पे सांगितले: जुळता दृष्टान्त शोधणे, तो योजणे, उत्तर तपासून सुधारणे व नवा दृष्टान्त साठविणे.

संग्रह वाढला की पहिलाच टप्पा जड होतो. १०,००० वाक्ये साठविली असतील, तर प्रत्येक नव्या वाक्यासाठी तितक्याच तुलना कराव्या लागतात. म्हणून सदृश वाक्यांचे गट पाडून प्रत्येक गटास एक प्रतिनिधी देतात. शंभर-शंभर वाक्यांचे १०० गट केले, तर आधी १०० प्रतिनिधींशी व मग निकटच्या गटातील १०० वाक्यांशी, अशा २०० तुलनांत काम भागते.

परंतु सादृश्य कोणत्या लक्षणांवर मोजावे, हे अभ्यासकासच ठरवावे लागते. ‘तो काम करायला गेला’ या प्रमाणभाषेतील वाक्यात ‘करायला’ हेतू दाखविते. नांदेड-लातूरकडे ‘तो काम करायला’ एवढे म्हटले तरी वाक्य पुरे होते. त्याचा अर्थ ‘तो काम करीत आहे’ असा. केवळ शब्दरूपावरून गट पाडले, तर ही दोन्ही वाक्ये एकत्र येतील आणि बोलीतील पूर्ण वाक्यास यंत्र ‘क्रियापद गळालेले’ ठरवील.

यास उपाय व्याकरणातच आहे. हेतुवाचक रूप लिंगानुसार बदलत नाही: ‘ती काम करायला गेली’. बोलीतील रूप मात्र बदलते: ‘ती काम करायली’. सबब, कर्त्याशी होणारा मेळ व पुढील क्रियापदाची उपस्थिती या दोन लक्षणांस अक्षरसाम्यापेक्षा अधिक भार दिला पाहिजे.

एवढ्याने सर्व अडचणी सरत नाहीत. गटांच्या सीमेवरील वाक्याचा खरा सोबती शेजारच्या गटात असू शकतो. तेथे एकाच गटात शोध केल्यास तो कधीच सापडणार नाही. अशा वेळी निकटचे तीन गट पाहावेत. तुलना ४०० होतील, तरीही त्या १०,००० पेक्षा पुष्कळच कमी. शिवाय संग्रहात बोलीची वाक्ये थोडी असल्यास ती प्रमाणभाषेच्या मोठ्या गटात लोपतात. म्हणून देगलूर, उदगीर, निलंगा येथील वाक्ये पुरेशा संख्येने गोळा करावीत, आणि उत्तर तपासण्याचा तिसरा टप्पा त्या बोलीच्या भाषकाकडेच सोपवावा. गट पाडताना झालेली चूक शोधाच्या वेगाने भरून निघत नाही.