रायफलीची निगा

पेणच्या मिठागरांजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्यांस गंज म्हणजे काय हें सांगावयास नको. खिडकीचे गज, सायकलीची साखळी, विळ्याचें पातें, पावसाचे चार महिने गेले कीं या साऱ्यांवर तांबूस पापुद्रा चढलेला असतो. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे गंज उत्पन्न होतो. त्यांत मीठ मिळालें म्हणजे हेंच काम फार त्वरेनें होतें.

रोह्यास दसऱ्याच्या उत्सवांत धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हां पोलिस बंदुकांसह मानवंदना देतात. तो देखावा आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. त्या बंदुका तशा चकचकीत दिसाव्या म्हणून आधीं किती घासपूस करावी लागते, तें मात्र कोणी पाहत नाहीं. राष्ट्रीय छात्रसेना १९४८ सालीं स्थापन झाली, आणि तेव्हांपासून शाळाकॉलेजांतील मुलांच्या हातींही रायफल येऊं लागली. म्हणून तिच्या निगेविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली गोष्ट तेलाची नव्हे, डोळ्यांची. शिक्षक समोर असल्यावांचून रायफलीस हात लावूं नये. ती घेतांच नळीचें तोंड निर्धोक दिशेस धरावें, बोल्ट मागें ओढावा, आणि काडतूस आंत नाहीं हें डोळ्यांनीं पाहून शिवाय बोटानें चांचपावें. दुसऱ्यानें 'रिकामी आहे' म्हणून सांगितलें तरी तें मानूं नये. या कामीं अविश्वास हाच सद्गुण होय!

.३०३ ची जुनी रायफल आमच्या विद्यार्थिदशेंत आम्हीं हाताळली आहे. तिच्या दस्त्याच्या बुडाशीं एक पितळी झांकण असे, व त्याच्या आड तेलाची लहान बाटली आणि 'पुलथ्रू' नांवाची दोरी ठेवलेली असे. दोरीच्या एका टोंकास पितळेचें वजन, दुसऱ्या टोंकाजवळ फांसे. फांशांत कापडाची चिंदी अडकवावयाची, वजन बोल्टाच्या बाजूनें नळींत सोडावयाचें, आणि तोंडाकडून दोरी सरळ एका दमांत ओढावयाची. दोरी तिरपी ओढली तर ती नळीच्या कांठास घासते, आणि दोरीसारखी मऊ वस्तुही कालांतरानें पोलादास खांच पाडते. विहिरीच्या कांठावरील दगड ज्यांनीं पाहिला आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. नळीच्या तोंडाशीं खांच पडली कीं गोळी नेमकी जात नाहीं.

आतां मिठाची कथा. जुन्या काडतुसांच्या बुडाशीं जी टोपी असे, तींत पोट्याशियम क्लोरेट घातलेलें असे. तें जळलें म्हणजे मागें पोट्याशियम क्लोराइड उरतें, म्हणजे मिठाचाच भाऊबंद! हा क्षार तेलांत विरघळत नाहीं. वरून कितीही तेल चोपडलें तरी तो खालीं तसाच राहून ओल ओढून घेतो. म्हणून त्या काळचे शिपाई गोळीबारानंतर नरसाळ्यानें नळींत उकळतें पाणी ओतीत. पाण्यानें क्षार धुवून जाई, आणि नळी तापल्यामुळें लवकर कोरडीही होई. मग तेलाचा हात. लोखंडावर पाणी ओतावें हें ऐकून आमच्या आजीनें कपाळास हात लाविला असता, पण शास्त्र असें आहे! आजच्या बहुतेक काडतुसांत हा क्षार नसतो. परंतु आधीं मळ काढावा व मग तेल लावावें, हा क्रम बदललेला नाहीं.

तेल तरी किती? बोटावर लकाकी दिसेल इतकेंच. अधिक झालें तर धूळ धरून त्याची चिखलवजा राड होते व बोल्ट अडखळतो. झाडण्यापूर्वी नळींतील तेल कोरड्या चिंदीनें पुसून काढावेंच लागतें. लाकडी दस्त्यास मात्र जवसाचें तेल मानवतें.

वंगण ही क्षुल्लक बाब नव्हे, हें आपल्या देशाचा इतिहासही सांगतो. १८५७ सालीं एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांस गाईची व डुकराची चरबी लाविली आहे, या वार्तेनें हिंदु व मुसलमान शिपाई सारखेच क्षुब्ध झाले. दारूच्या काजळीनें भरलेल्या नळींत गोळी सुखानें उतरावी एवढाच त्या वंगणाचा हेतु. पण तें कशाचें आहे, हें शिपायांच्या मनाचा विचार करून कोणी ठरविलें नव्हतें.

आमची स्वतःची चूकही सांगून टाकतों. एका श्रावणांत आम्हीं रायफल मनापासून पुसली, तेल लाविलें, आणि मित्रांस दाखविण्याकरितां घामट हातानें पुन्हा उचलली. तिसऱ्या दिवशीं नळीवर चार बोटांचे ठसे गंजानें उमटलेले! घामांतही मीठच कीं. अपराधी कोण हें शोधण्यास हवालदारांस फारसा वेळ लागला नाहीं. त्यांनीं आमचा पंजा त्या ठशांवर ठेवून पाहिला.

ज्या शेतकरी पालकांजवळ रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं परवान्याची बंदूक आहे, त्यांस एवढेंच सुचवितों कीं, पावसाळ्यांत ती कापडी किंवा कातडी खोळींत गुंडाळून ठेवूं नये. खोळ ओल धरून ठेवते. रिकामी करून, कुलपांत, कोरड्या जागीं ठेवावी, आणि आठवड्यांतून एकदां काढून पुसावी.