बिअरला पर्याय : जपानचा धडा आणि आपली नीरा

दारू सोडा, असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. दारू सोडणाऱ्याने संध्याकाळी सात वाजता कोठे बसावे, कोणाबरोबर बसावे आणि हातात कसला पेला धरावा, हे सांगणारे मात्र फार थोडे. आम्ही आयुष्याची तीस वर्षे कामगारांत काढली. साखर कारखान्यांतील फिटर, यंत्रमागावरचे विणकर, ऊसतोडीचे मजूर यांच्या घरी आम्ही गेलो, बसलो, जेवलो. त्या अनुभवावरून आम्हाला असे वाटते की, हा दुसरा प्रश्न सुटल्यावाचून पहिला सुटत नाही. म्हणून आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करू. आणि त्यासाठी प्रथम एका दूरच्या देशात डोकावू. जपानमध्ये बिअर पिणाऱ्या माणसांनी गेल्या तीस वर्षांत बिअरला नाना पर्याय शोधले. ते कसे शोधले गेले हे समजून घेतले, तर आपल्या सातारा-सांगलीकडे काय करता येईल याचा थोडाफार उलगडा होतो.

प्रथम बिअर म्हणजे काय ते पाहू. जव भिजवून, मोड आणून वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. माल्टच्या गोड काढ्यात हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले उकळतात आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते, मद्यार्क आणि वायू बाहेर टाकते. साध्या बिअरमध्ये शेकडा पाच भाग मद्यार्क असतो; आपल्याकडे जिला 'स्ट्राँग' म्हणतात तिच्यात तो शेकडा आठपर्यंत जातो.

आता एक साधा हिशेब करावा. आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. शेकडा आठ या प्रमाणाने तिच्यात ५२ मिलिलिटर मद्यार्क झाला. मद्यार्क पाण्याहून हलका असल्यामुळे त्याचे वजन भरते सुमारे ४१ ग्रॅम. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मद्यपानाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. पुरुषाने दिवसाला ४० ग्रॅम आणि स्त्रीने २० ग्रॅम किंवा त्याहून अधिक शुद्ध मद्यार्क घेतल्यास जीवनशैलीच्या रोगांचा धोका वाढतो, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे आपला कामगार जिला "नुसती बिअर" म्हणतो, त्या एका बाटलीतच ही मर्यादा ओलांडली जाते. या मर्यादेच्या आत सारे निर्धोक, असेही कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये, आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेच प्रमाण नाही, असे स्पष्ट केले आहे. "बिअर म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य आम्ही फाटकाबाहेर हजार वेळा ऐकले असेल. हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की ऐकणारा गप्प होतो.

आता जपानकडे वळू. तेथे पर्यायांची सुरुवात आरोग्याच्या विचाराने झाली नाही. ती खिशाच्या विचाराने झाली. जपानी कायद्याने बिअरवर भारी कर बसवला होता, आणि बिअर कोणती हे माल्टच्या प्रमाणावरून ठरे. माल्ट दोनतृतीयांशांहून कमी झाले की कायद्याच्या भाषेत ते पेय बिअर राहात नसे. १९९४ मध्ये सनटोरी या कंपनीने ६५ टक्के माल्टचे पेय बाजारात आणले. या जातीच्या पेयाला 'हप्पोशू', म्हणजे फेसाळ मद्य, असे नाव आहे. त्या वेळी जपानची आर्थिक भरभराट ओसरली होती, पगार वाढत नव्हते, आणि नोकरदार माणूस स्वस्त पेयाकडे वळला. सरकारने हप्पोशूवरचा कर वाढवला, तेव्हा कंपन्या माल्टच सोडून पुढे गेल्या. सप्पोरो कंपनीने वाटाण्याच्या प्रथिनापासून बिअरसारखे पेय तयार केले आणि २००४ मध्ये ते देशभर विकले. लोक त्याला 'तिसरी बिअर' म्हणू लागले. २०२० च्या सप्टेंबरपर्यंत ३५० मिलिलिटरच्या डब्यावर बिअरला ७७ येन, हप्पोशूला सुमारे ४७ येन आणि तिसऱ्या बिअरला २८ येन असा कर होता. हा फरक टप्प्याटप्प्याने मिटवून ऑक्टोबर २०२६ पासून तिन्हींना ५४.२५ येन असा एकच दर लावण्याचे तेथे कायद्याने ठरवले. ह्यातून एक गोष्ट ध्यानात येते. माणूस काय पितो, हे त्याच्या आवडीइतकेच सरकारच्या करपत्रकावरही अवलंबून असते.

आरोग्याचा विचार मागाहून आला, आणि तोही उपदेशाच्या वाटेने आला नाही. एप्रिल २००८ पासून जपानमध्ये ४० ते ७४ वर्षे वयाच्या विमाधारकांसाठी खास आरोग्यतपासणी सुरू झाली. तीत कमरेचा घेर मोजतात. पुरुषाचा घेर ८५ सेंटिमीटर किंवा अधिक, स्त्रीचा ९० किंवा अधिक भरला, आणि रक्तदाब वा रक्तातील साखर यांतही दोष दिसला, तर त्याला सल्ला देण्यासाठी बोलावले जाते. दरसाल टेप कमरेभोवती फिरू लागली, तशी माणसे डब्यावरची बारीक अक्षरे वाचू लागली. पिष्ट-साखर कमी केलेली, गाऊटचा त्रास असणाऱ्यांसाठी प्युरीन काढून टाकलेली, अशी पेये मांडणीवर आली.

त्याच सुमारास दुसरे एक कारण घडले. ऑगस्ट २००६ मध्ये फुकुओका येथे मद्यधुंद मोटारचालकाने दिलेल्या धडकेत तीन लहान मुले दगावली. देश हळहळला, आणि २००७ मध्ये मद्य पिऊन गाडी चालवण्याच्या शिक्षा कडक झाल्या. गाडी देणारा आणि दारू पाजणाराही शिक्षेस पात्र ठरला. मग २००९ च्या एप्रिलमध्ये किरिन कंपनीने ०.०० टक्के मद्यार्काचे बिअरसारखे पेय विक्रीस आणले. पुढच्याच वर्षी सनटोरीने तसे पेय काढले, २०१२ मध्ये असाहीने. असे पेय दोन रीतींनी होते. एक तर तयार बिअरमधून मद्यार्क काढून घ्यायचा. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, पण हवेचा दाब कमी केला की तो पुष्कळ कमी उष्णतेवर निघून जातो आणि चव करपत नाही. दुसरी रीत म्हणजे आंबवण्याची क्रिया मुळातच होऊ न देता काढ्याला चव आणि फेस आणायचा. कचेरी सुटल्यावर सहकाऱ्यांबरोबर बसण्याची जपानी माणसाची सवय जुनी आहे. ती न मोडता, हातातला पेला बदलण्याची सोय या पेयांनी करून दिली.

येथे एक सावधगिरी सांगणे आमचे कर्तव्य आहे. प्युरीन शून्य म्हणजे मद्यार्क शून्य नव्हे. साखर शून्य म्हणजेही मद्यार्क शून्य नव्हे. "शून्य" हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला की खरेदीदार समाधान पावतो आणि कशाचे शून्य हे पाहावयाचे राहून जाते. जपानी कंपन्या धर्मार्थ हा व्यापार करीत नाहीत. ज्याला अक्षर आणि आकडा वाचता येतो त्याचाच यात लाभ होतो.

आता आपल्या घरी येऊ. मद्याविरुद्धचा लढा आपल्याकडे नवा नाही. १८८० मध्ये महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात जी विधायक कामे हाती घेतली त्यांत दारूबंदी होती. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग मोडत होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याच १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला.

या कायद्यात एक शब्द स्वतंत्र व्याख्या करून घातलेला आहे, तो म्हणजे नीरा. नारळ, ताड, शिंदी अशा झाडांचा न आंबलेला गोड रस, तोही आंबू नये अशी तजवीज केलेल्या भांड्यात काढलेला, तो नीरा. कायदा करणाऱ्यांनी ताडी-माडी बंद केली आणि त्याच झाडाचा निर्मळ रस पर्याय म्हणून पुढे ठेवला. जपानच्या ०.०० टक्क्यांच्या आधी साठ वर्षे आपण तोच विचार केला होता!

मग नीरा आपल्या कामगाराच्या हाती का टिकली नाही? याचे उत्तर घड्याळात आहे. रस रात्रभर मडक्यात ठिबकतो. मडक्याला आतून चुना फासतात, म्हणजे आंबणे लांबते. सूर्य उगवण्यापूर्वी मडके उतरवावे लागते, कारण ऊन लागले की हवेतले यीस्ट कामाला लागते आणि काही तासांत नीरेची ताडी होते. म्हणजे नीरा हे पहाटेचे पेय झाले. सकाळी फिरावयास जाणारा पेन्शनर ते पितो, आणि चांगले करतो. पण गिरणीचा वा कारखान्याचा कामगार सकाळी घाईत असतो. त्याला तहान लागते ती पाळी सुटल्यावर. त्या वेळी नीरा एक तर संपलेली असते, नाही तर तिची दारू झालेली असते. आपला पर्याय गुणाने उत्तम होता, पण ज्या वेळी दारूचे दुकान गजबजते त्या वेळी तो हजर नव्हता.

हा दोष सुधारता येण्याजोगा आहे. कासारगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने नारळाचा रस बर्फाच्या पेटीतच गोळा करण्याची रीत काढली आहे. रस झाडावरच थंड राहतो, चुन्याचीही गरज पडत नाही, आणि पुढे थंडीतच ठेवला तर टिकतो. दुधाची थंड साखळी ज्या कृष्णाकाठाने गावोगाव उभी केली, त्याला हे काम अशक्य वाटू नये. मात्र नीरेत शेकडा दहा भागांहून अधिक साखर असते, म्हणून मधुमेह्याने तिला औषध समजू नये.

दुसरा एक पर्याय आपल्याकडे मोठ्या गाजावाजाने आला, तो द्राक्षाच्या वाईनचा. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले, वाईनला उत्पादनशुल्कात सूट दिली, आणि नाशिककडे विंचूरला व आपल्या सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क काढले. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य पुन्हा ऐकू आले आणि त्याला विरोधही मोठा झाला. द्राक्षबागायतदाराच्या मालाला भाव मिळावा, ही मागणी आम्हालाही मान्य आहे. पण हिशेब हिशेबाच्या जागी. शेकडा १२ भाग मद्यार्काच्या ७५० मिलिलिटर वाईनमध्ये सुमारे ७१ ग्रॅम मद्यार्क असतो. शेतकऱ्याचे हित म्हणून तिचे समर्थन कोणी करावे; प्रकृतीचे हित म्हणून करू नये. तासगावच्या बेदाण्याने द्राक्षाला जी बाजारपेठ दिली, तिच्यात कोणाच्या यकृताचा बळी जात नाही.

तिसरा पर्याय आता शहरांच्या दुकानांत दिसतो, तो मद्यार्कविरहित बिअरचा. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असेल तर ते मद्य. म्हणजे 'मद्यार्कविरहित' बाटलीत थोडा अंश असू शकतो, आणि साखर तर पुष्कळदा असते. त्याहून मोठी शंका निराळी आहे. मद्याच्या जाहिरातीला दूरचित्रवाणीवर बंदी असल्यामुळे सोडा-पाण्याच्या नावाने बाटलीची जाहिरात करण्याची चाल येथे रुळली आहे. शून्य टक्क्याची बाटली तेच नाव आणि तोच शिक्का मिरवीत पोराच्या हाती गेली, तर ती दारूतून बाहेर येण्याचा दरवाजा ठरेल, की आत जाण्याचा? पिणाऱ्याला ती उपयोगी पडेल. न पिणाऱ्या पोराला तिची काहीच गरज नाही.

तात्पर्य काय? जपानात पर्याय रुजला, कारण तो त्याच वेळी, त्याच बैठकीत, परवडेल अशा दरात मिळाला, आणि तपासणीच्या कागदाने माणसाला त्याची गरज पटवून दिली. आपणही या चार गोष्टी जमवाव्या लागतील. १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेंहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृह आणले, ते पाळी संपली की कुलूपबंद होते. युनियनांनी व्यवस्थापनाशी बोलून ते संध्याकाळी दोन तास उघडे ठेवून घ्यावे. तेथे थंडगार ताक, कोकम सरबत, उसाचा ताजा रस आणि मिळेल तेथे नीरा स्वस्त दरात असावी, कॅरम असावा, वर्तमानपत्र असावे. वर्षातून एकदा रक्ततपासणी व्हावी आणि तिचा कागद कामगाराला त्याच्या भाषेत समजावून द्यावा. पगाराच्या दिवशी हे सारे विशेष जपून करावे, कारण त्या संध्याकाळी घरी किती रुपये पोहोचले यावर पोरांच्या शाळेची फी अवलंबून असते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ज्याचे हात सकाळी दारूवाचून कापतात, त्याला हे ताक-सरबत पुरे पडणार नाही. एकाएकी दारू तोडल्यास त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. त्याला डॉक्टरकडे न्यावे, त्याची हेटाळणी करू नये. पण असा माणूस एका दिवसात घडत नाही. तो वर्षानुवर्षे "नुसती बिअर" म्हणत, दुसरीकडे बसावयास जागा नाही म्हणून तेथे जात राहिलेला असतो. त्याला ती दुसरी जागा वेळेवर मिळवून देणे हे आपणा सर्वांचे काम आहे, आणि त्याचा आरंभ उद्याच्या संध्याकाळी करता येण्यासारखा आहे.