वॉन्टेजचे चर्च पाहताना



इंग्लंडात गावोगावी जुनी चर्चेस दिसतात आणि आपण ती मोटारीतूनच पाहून पुढे जातो. पण ऑक्सफर्डशायरमधल्या वॉन्टेजचे सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्च मराठी माणसाने आवर्जून उतरून पाहावे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंनी आपल्या दोन वर्षांच्या मनोरमेसह इथे बाप्तिस्मा घेतला.

आधी इमारत पाहू. चर्चचा मूळ भाग तेराव्या शतकातला, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांच्या काळातला! वरून पाहिले तर आकार क्रुसाचा. आपल्या देवळात जसा मंडप आणि पुढे गाभारा, तसे इथे लोकांनी बसायचे लांब दालन आणि पूर्वेला वेदीचा भाग. फरक एवढाच की आपले शिखर गाभाऱ्यावर असते, इथला मनोरा मात्र क्रुसाच्या मधोमध, चार भक्कम खांबांवर उभा आहे.

गॉथिक शैलीची ओळख म्हणजे टोकदार कमान. अर्धगोल कमान वरचा भार बाजूंना जास्त ढकलते, टोकदार कमान तो जास्त प्रमाणात सरळ खाली उतरवते. उरलेला रेटा बाहेरून बांधलेले दगडी धिरे पेलतात. त्यामुळे भिंतींत मोठमोठ्या खिडक्या ठेवता येतात आणि आत उजेड येतो.

आतली लाकडी आसनेही पाहा. पंधराव्या शतकातल्या या घडीच्या आसनांच्या खाली छोटी कोरीव फळी आहे. लांबलचक प्रार्थनेत उभे राहून थकलेल्यांना तिच्यावर हळूच टेकता येत असे.

१८५७ मध्ये या चर्चचा जीर्णोद्धार जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांनी केला. उमेदीच्या काळात ते जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या कचेरीत होते. याच स्कॉटसाहेबांनी मुंबईच्या राजाबाई टॉवरचा आराखडा केला. वॉन्टेजमध्ये फोर्टची आठवण आली तर नवल नाही!

गावातला सेंट मेरी मठही स्ट्रीट यांच्याच हातचा. मठाचा पंथ १८४८ मध्ये इथले धर्मगुरू विल्यम बटलर यांनी स्थापन केला. पंथाच्या भगिनी पुण्यात काम करत होत्या. त्यांच्याच ओळखीने रमाबाई १८८३ मध्ये इथे आल्या. तेव्हा वय २५, पदरी लहान मूल, पती गेलेले. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी इथेच आत्महत्या केली. त्या दुःखानंतर थोड्याच काळात रमाबाईंनी धर्मांतर केले आणि महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. इकडे मठातल्या भगिनींशीही त्यांचे धर्माच्या प्रश्नांवर वाद होतच राहिले. जुने सोडले म्हणून नवे डोळे मिटून मानायचे, हे त्यांना मान्य नव्हते. पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले.

धर्मांतराबद्दल आपल्या मंडळींत आजही मतभेद असतील, आमच्यातही आहेत. पण परक्या देशात, आपल्या माणसांपासून दूर, एकटीने निर्णय घेणे म्हणजे काय, हे आपल्यासारख्या परदेशस्थांना वेगळे सांगायला नको. त्या कमानींखाली उभे राहिल्यावर आम्ही सारे थोडा वेळ गप्पच झालो.

डिडकॉटपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, असे सहज जाता येते. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळाही आहे, हे त्याचे जन्मगाव. मुलांना जरूर घेऊन जा, आणि रमाबाईंची गोष्ट वाटेतच सांगा!