जुन्या गाडीचे स्टिअरिंग खडखडते तेव्हा

घरातली गाडी जुनी झाली की तिच्या आवाजांचीही सवय होऊन जाते. दाराची करकर, काचेची थरथर, आणि खड्ड्यातून जाताना स्टिअरिंगमधून येणारी खडखड. एखादा पाहुणा शेजारी बसतो आणि दचकून विचारतो, ‘‘हा कसला आवाज?’’ ‘‘अहो, जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच,’’ असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. पण ज्या दांड्यातून हा आवाज येतो, त्याच दांड्याच्या भरवशावर पुढची दोन्ही चाके वळतात आणि मागच्या सीटवर मुले झोपलेली असताना घाट उतरला जातो. तेव्हा ‘एवढे’ म्हणजे नेमके किती, हे एकदा पाहायलाच हवे.

इथे नेहमी एक गल्लत होते. आवाज आणि ढिलेपणा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आवाज त्रास देतो, पण पुष्कळदा निरुपद्रवी असतो. ढिलेपणा मात्र मुकाट्याने वाढत जातो आणि रोज चालवणाऱ्याच्या हाताला तो कळतही नाही. गॅरेजमध्ये आपण तक्रार करतो ती आवाजाची. मेकॅनिक दोन ठिकाणी ग्रीस लावतो, आवाज थांबतो, आपण खूश होऊन घरी येतो आणि खरे दुखणे तसेच राहते.

आवाज कुठला, ढिलेपणा कुठला?

स्टिअरिंगचा दांडा एका नळीतून खाली जातो. नळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला त्याला बुश किंवा बेअरिंगचा आधार असतो. ही नळी डॅशबोर्डच्या खाली ब्रॅकेटने आवळलेली असते. खाली दांड्याला एक सांधा असतो, कुठे रबराचा, तर कुठे लोखंडी. त्यापुढे स्टिअरिंग बॉक्स किंवा रॅक, मग टाय रॉड आणि शेवटी चाके. मारुती ८०० आणि अॅम्बॅसेडरमध्ये रॅक आहे, तर प्रीमियर पद्मिनीमध्ये बॉक्स.

पद्मिनीची गोष्ट जरा वेगळी आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण हौसेने जपलेल्या खाजगी पद्मिनी अजूनही दिसतात. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच आहे. गिअरच्या सळ्या दांड्याच्या बाजूने खाली जातात आणि त्यांचे बुश झिजले की उभ्या गाडीतही टकटक सुरू होते. दोष जातो बिचाऱ्या स्टिअरिंगला! गिअरची दांडी हाताने धरून पाहा. आवाज थांबला, तर तो गिअरच्या सळ्यांचा आहे.

बाकी तपासणीसाठी गाडी सपाट जागी उभी करा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद असू द्या, पण स्टिअरिंगचे कुलूप सुटेल इतकी चावी फिरवा. आता स्टिअरिंगचे चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. चाकाबरोबर नळीही हलत असेल, तर ब्रॅकेटचे बोल्ट ढिले आहेत. नळी जागेवर आणि नुसते चाक हलत असेल, तर वरचा बुश झिजला आहे किंवा चाकाचा मधला नट ढिला आहे. नट ढिला असेल, तर तो आवळल्याशिवाय गाडी जागची हलवू नका. फक्त वळवताना चरचर होत असेल, तर प्लास्टिकचे कव्हर घासत असेल किंवा हॉर्नची तबकडी कोरडी पडली असेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

पुढची तपासणी दोघांनी मिळून करायची. पत्नीला किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीला स्टिअरिंगवर बसवा आणि चाक थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात दांड्याचा खालचा सांधा पाहा. (पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत इंजिन चालू ठेवावे लागते, तेव्हा हात आणि पदर पट्ट्यापासून दूर ठेवा.) वरचा भाग फिरतो आणि खालचा क्षणभर थांबून मग फिरतो, असे दिसले, तर सांधा गेला आहे. सांधा ठीक असेल, तर तशीच नजर टाय रॉडच्या टोकांवर ठेवा. मेकॅनिक ज्याला ‘प्ले’ म्हणतात तो हाच.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगच्या चाकावर हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. सांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट किंवा पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात, असेही हाच नियम सांगतो. पण ३० अंश ही अगदी शेवटची मर्यादा आहे. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ते अंतर जवळजवळ १० सेंटिमीटर भरते! रॅक असलेल्या गाडीत त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा प्ले आला, तरी गॅरेज गाठावे.

दुरुस्ती

ब्रॅकेटचे बोल्ट आवळणे हे घरी होण्यासारखे काम आहे. ते पुन्हा पुन्हा ढिले होत असतील, तर नवे नट आणि स्प्रिंग वॉशर घाला. वरच्या बुशची किंमत किरकोळ असते, मजुरी त्याहून जास्त लागते, कारण स्टिअरिंगचे चाक काढावे लागते. ते काढण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवा, पुढची चाके सरळ ठेवा आणि दांडा व चाक यांच्यावर खुणेची रेघ मारा. मधला नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे तसेच राहू द्या, नाहीतर अडकलेले चाक अचानक सुटून तोंडावर येते. दांड्यावर हातोडा तर कधीच मारू नका. बऱ्याच गाड्यांचे दांडे अपघातात दबावेत असे बनवलेले असतात, ते ठोकल्याने बिघडतात. आणि ज्या गाडीच्या स्टिअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिथे घरी पाना लावूच नये.

सांधा किंवा टाय रॉडचे टोक झिजले असेल, तर ते बदलायचेच. त्याला वेल्डिंग नको, जुन्या बाजारातला तुकडा नको आणि जुनी स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा घालणे तर मुळीच नको. टाय रॉड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर काही महिन्यांत एका बाजूने खाल्ले जातात.

बॉक्स असलेल्या गाडीत एका गोष्टीवर नजर ठेवा. बॉक्सच्या वर एक स्क्रू असतो. काही मेकॅनिक इतर काहीच न बघता तो आवळून देतात. प्ले गेल्यासारखा वाटतो, गिऱ्हाईक समाधानाने पैसे देते. पण बॉक्समधले दाते सर्वांत जास्त झिजतात ते मधल्या, सरळ जाण्याच्या जागी. तिथली ढिलाई काढण्यासाठी स्क्रू आवळला की कडेच्या, कमी झिजलेल्या जागी दाते अडकू लागतात. मग वळणावर स्टिअरिंग जड होते आणि वळणानंतर आपोआप सरळ होत नाही. ढिल्या स्टिअरिंगपेक्षा हे जास्त घातक आहे. आधी बाकीचे सांधे ठीक करावेत, मग गरज उरलीच, तर स्क्रूला हात लावावा.

पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओची तपासणी होतेच, पण पुढचे नूतनीकरण पाच वर्षांनी येते. रबरी टोपी एका पावसाळ्यात फाटू शकते आणि आत चिखल गेला की सांधा झपाट्याने झिजतो. म्हणून पावसाळा संपला की या टोप्या पाहून घ्याव्यात.

गॅरेजमधून गाडी घेताना पैसे देण्यापूर्वी बदललेले जुने भाग मागून घ्या. मग एखाद्या मोकळ्या मैदानात हळू वेगाने दोन्ही बाजूंना पूर्ण वळण घेऊन पाहा. हाताची पकड सैल केली की चाक स्वतःहून सरळ यायला हवे. आले नाही, तर गाडी तिथूनच मागे वळवा.