गुणसूत्रातला गळलेला मजकूर

घरात कुणाला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, की लगेच शोध सुरू होतो: हे आलं कुणाकडून? आईचं माहेर काढलं जातं, वडिलांच्या घराण्यातला कुणी चुलता आठवतो. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरंच. पण काही रुग्णांच्या बाबतीत त्यातला सर्वांत जड वाटा घराण्यातून आलेलाच नसतो. तो त्यांच्यापासूनच सुरू झालेला असतो.

बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. २००४ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवून दिलं, की धडधाकट माणसांतही डीएनएचे मोठाले तुकडे कमीजास्त असतात. कुणाकडे एखाद्या तुकड्याची एकच प्रत असते, कुणाकडे तीन. याला कॉपी नंबर व्हेरिएशन, थोडक्यात सीएनव्ही म्हणतात. बहुतेक सीएनव्ही निरुपद्रवी असतात. मोजके मात्र मेंदूच्या जडणघडणीतच ढवळाढवळ करतात. त्यांतला सर्वाधिक अभ्यासलेला आहे बाविसाव्या गुणसूत्रावरचा ‘२२क्यू११.२’ हा लोप.

पोथीची नक्कल करताना एकच ओळ दोन ठिकाणी आली, तर लेखनिकाची नजर पहिलीवरून थेट दुसरीवर जाते आणि मधला मजकूर गळतो. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या तुकड्यांची अदलाबदल करतात, तेव्हा असंच घडतं. ‘२२क्यू११.२’ या भागाच्या दोन्ही टोकांना जवळजवळ एकसारखा मजकूर असलेले लांब पट्टे आहेत. जुळणी चुकीच्या पट्ट्याशी झाली, की सहसा डीएनएची तीसेक लाख अक्षरं आणि त्यांवरची चाळीसहून अधिक जनुकं निघून जातात. दहापैकी नऊ रुग्णांत ही गळती नव्यानेच झालेली असते, आईवडिलांत ती नसते. त्यात आईच्या खाण्यापिण्याचा दोष नाही, कुणाच्या वागण्याचाही नाही.

साधारण चार हजार जन्मांमागे एका बाळात हा लोप आढळतो, असं मानलं जातं. कुणाला जन्मजात हृदयविकार असतो, कुणाच्या टाळूतल्या दोषामुळे बोलणं नाकातून येतं, कुणाच्या रक्तातलं कॅल्शियम घसरतं. संशोधक रॉबर्ट श्प्रिंट्झेन यांनी १९७८ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. ती मोठी होऊ लागली, तेव्हा त्यांच्यातले मानसिक आजार समोर आले. १९९९ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी अशा ५० प्रौढांना तपासलं, त्यांतल्या १२ जणांना स्किझोफ्रेनिया होता. एरवी हे प्रमाण शंभरात जेमतेम एक असतं.

पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही वाचायला हवी. तोच तुकडा गळूनही ३८ जणांना स्किझोफ्रेनिया नव्हता. जनुकसंचातले इतर असंख्य बारीक फरकही पारडं इकडे-तिकडे झुकवतात. शिवाय एकच सीएनव्ही निरनिराळ्या वाटांनी जातो: सोळाव्या गुणसूत्रावरच्या ‘१६पी११.२’ या तुकड्याची जादा प्रत स्किझोफ्रेनियाचा आणि ऑटिझमचाही धोका वाढवते. तोच तुकडा गळाला, तर ऑटिझमबरोबर लठ्ठपणाचाही धोका वाढतो. म्हणून सीएनव्हीचा अहवाल वाचताना त्याला भविष्य समजू नये. तो धोका किती वाढला आहे, एवढंच सांगतो.

मग तपासून उपयोग काय? उपयोग आहे. कॅल्शियम कमी झालं, तर झटके येऊ शकतात आणि अस्वस्थताही वाढते. साध्या रक्तचाचणीत ते कळतं, आणि कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व देऊन सावरता येतं. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापिन हे औषध या रुग्णांनाही गुण देतं, पण त्यांना झटक्यांचा धोका जास्त असतो. लोप आहे हे ठाऊक असेल, तर डॉक्टर मात्रा बेताने वाढवतात. लोप असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. लग्न, मूल यांचा विचार करताना ही माहिती हाताशी हवी.

स्किझोफ्रेनियाच्या शंभर रुग्णांत असा ठळक सीएनव्ही दोन-तीन जणांतच सापडतो. ते दोन-तीन जण निसटू नयेत. घरातल्या रुग्णाचं बालपणी हृदयाचं किंवा टाळूचं ऑपरेशन झालं असेल, शिकणं मागे पडलं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना ते आपणहून सांगा आणि सीएनव्ही शोधणारी क्रोमोसोमल मायक्रोअरे चाचणी करावी का, हे विचारा. अहवाल हाती आला, की जनुकीय समुपदेशकाकडे सगळ्या घराने मिळून जा. वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत आलेल्या आईने तर नक्कीच जावं.